कॉल्पोस्कोपीची तारीख पुढच्या महिन्यात, तोवर दिवस कसे काढू?

बकुळफूल
नमस्कार मैत्रिणींनो. मी नागपूरची, वय ४१, त्रिमूर्तीनगरला राहते, शाळेत शिकवते. पाळी मागेपुढे होऊ लागली म्हणून धंतोलीतल्या एका मॅडमकडे गेले होते. त्यांनी आतून तपासलं आणि पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडाच्या पेशींची), एचपीव्ही (विषाणूची) अशा दोन्ही टेस्ट घेतल्या. रिपोर्टमध्ये 'एएससी-यूएस' असं आलं आणि खाली 'हाय रिस्क एचपीव्ही : पॉझिटिव्ह'. मॅडम म्हणाल्या, घाबरण्यासारखं काही नाही, पण कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून पिशवीच्या तोंडाची तपासणी, करून घेऊ, गरज वाटली तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. तारीख मिळाली ती थेट पुढच्या महिन्यातली.

दिवसा निभावतं. वर्गात उभी असले की आठवतही नाही. रात्री घर झोपलं की मोबाइल हातात येतो आणि मी तेच तेच शब्द शोधत बसते. मग छाती धडधडते, घशाला कोरड पडते, पहाटेपर्यंत टक्क जागी. नवऱ्याला सांगितलंय, पण तो 'होईल गं सगळं ठीक' म्हणून कूस बदलतो. सासूबाईंना सांगितलेलंच नाही. आमच्याकडे दोघीतिघींच्या पिशव्या काढल्यात, त्या लगेच 'काढून टाक, कटकट संपेल' म्हणतील.

हा मधला काळ तुमच्यापैकी कुणी काढला असेल तर कसा काढला ते सांगा. आणि तिथे नेमकं काय करतात तेही सांगा. निम्मी भीती मला त्या टेबलाचीच आहे.

रातराणी
बकुळ, आधी एक घट्ट मिठी. मीही यातून गेलेय. जरा वेळाने सविस्तर लिहिते, आत्ता ऑफिसात आहे. आज रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव, एवढं नक्की कर.

तिखटमीठ
ताई, पॉझिटिव्ह विचार करा. मन खंबीर ठेवलं की शरीर आपोआप साथ देतं. टेन्शन घेतल्यानेच आजार वाढतात.

लॅबवाली
तिखटमीठ, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतंय. पण हे वाचून बकुळला आपल्या भीतीचीच भीती वाटू लागेल. रिपोर्ट वाईट आला तर 'मीच टेन्शन घेतलं म्हणून झालं' असं वाटायला नको. पेशींमधला बदल विषाणूमुळे होतो, काळजी केल्याने नाही.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, अशा स्लाइड रोज डोळ्यांखालून जातात. बकुळ, त्या काचेवर काय दिसलं असेल ते सांगते. रंग दिल्यावर या पेशी निळसर आणि गुलाबी दिसतात, मध्ये छोटंसं गडद केंद्रक. काही पेशींचं केंद्रक नेहमीपेक्षा अडीच-तीन पट मोठं दिसलं, कडा थोडी वेडीवाकडी वाटली, पण 'हा नक्की बदल आहे' असं म्हणण्याइतकं काही नसलं, की आम्ही एएससी-यूएस लिहितो. साध्या सुजेने, जंतुसंसर्गाने, पाळी जाण्याच्या वयातल्या हार्मोन्सच्या बदलानेही असं दिसू शकतं. हे कॅन्सरचं निदान नाही. 'नीट बघून घ्या' अशी ती सूचना आहे.

सोबत एचपीव्ही पॉझिटिव्ह आलं म्हणून मॅडमनी पुढची पायरी घेतली, ते बरोबर केलं. अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना ज्या आकडेवारीवर बेतल्यात, तिच्यात तुझ्यासारखा रिपोर्ट असलेल्या शंभर जणींत चार-पाच जणींना त्या वेळी सीआयएन ३ किंवा त्यापुढचा बदल सापडतो. सीआयएन ३ म्हणजेसुद्धा कॅन्सर नव्हे, कॅन्सरच्या आधीची अवस्था, आणि तिच्यावर इलाज आहे. उरलेल्या पंचाण्णवेक जणींत काही निघत नाही किंवा त्याहून कमी बदल निघतो.

बकुळफूल
लॅबवाली, डोळे भरून आले. एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. पण एक विचारू का? एचपीव्ही हा संबंधातून येतो असं वाचलं. लग्नाला सतरा वर्षं झालीत. आता नवऱ्याकडे बघितलं की डोक्यात नको ते येतं. त्याच्याही मनात माझ्याबद्दल येत असेल का? हे कुणाला विचारायचं तेच कळत नव्हतं.

निवृत्त सिस्टर
बकुळ, तुझा हा प्रश्न मी ओपीडीत शेकडो वेळा ऐकलाय, तोही कुजबुजत्या आवाजात. मी सरकारी दवाखान्याच्या स्त्रीरोग विभागात होते, आता निवृत्त. नीट ऐक.

एचपीव्हीचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी यातला एखादा प्रकार होऊन जातो आणि कळतही नाही. बहुतेक जणींचं शरीर तो वर्षा-दोन वर्षांत परतवून लावतं. काहींच्या शरीरात तो वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो आणि मग टेस्टमध्ये दिसतो. तो कधी आला, कुणाकडून आला, हे कुठलीच टेस्ट सांगू शकत नाही. लग्नाआधीचा असू शकतो, लग्नाच्या पहिल्या वर्षातलाही असू शकतो. या रिपोर्टवरून कुणीही कुणावर बोट ठेवू नये. हेच वाक्य डॉक्टरांच्या तोंडून दोघांनी एकत्र बसून ऐका. त्याने बऱ्याच घरांतला गैरसमज मिटताना मी बघितलाय.

आता टेबलाबद्दल. आधी प्रश्न विचारतात: शेवटची पाळी कधी आली, कुठल्या गोळ्या चालू आहेत, रक्त पातळ करायचं औषध घेता का, आयोडीनची ॲलर्जी आहे का, दिवस राहिल्याची शक्यता आहे का. मग कमरेखालचे कपडे काढून टेबलावर निजायचं, अंगावर चादर असते. पॅपला घातलं तेच स्पेक्युलम, म्हणजे आतली वाट उघडी धरणारं साधन, घालतात. कॉल्पोस्कोप आत जात नाही. तो बाहेर स्टँडवर असतो, मोठं करून दाखवणारं भिंग आणि दिवा. खूप जणींना वाटतं दुर्बीण आत घालणार, तसं काही नसतं.

मग पिशवीचं तोंड बोळ्याने पुसून त्यावर ॲसिटिक ॲसिड लावतात, ३ ते ५ टक्क्यांचं. व्हिनेगरमध्ये असतं तेच. थंड लागतं, थोडं चुरचुरतं. एखादा मिनिट थांबायचं. जिथे पेशी बदलल्या असतील तो भाग पांढरा दिसू लागतो. नंतर आयोडीन लावतात. निरोगी भाग गडद तपकिरी होतो, बदललेला भाग पिवळसर राहतो. डॉक्टर नेमकं तिथे बघतात. संशय वाटला तर तिथूनच तुकडा घेतात, तांदळाच्या दाण्याएवढा. त्या क्षणी चिमटा बसतो किंवा पाळीत येते तशी कळ येते. आम्ही बाईला खोकायला सांगायचो. खोकताखोकताच तुकडा निघून जायचा. बरेचदा सगळं दहा ते वीस मिनिटांत आटपतं.

'ताई, कंबर सैल सोडा' हे वाक्य मी दिवसभर म्हणायचे. पण भ्यालेल्या बाईला सैल सोड म्हटल्याने ती सैल सोडत नाही. उपयोग व्हायचा तो श्वासाचा. नाकाने घ्यायचा आणि तोंडाने फुंकर घातल्यासारखा हळूहळू सोडायचा, घेतला त्याहून जास्त वेळ. पायाचे अंगठे हलवत राहायचे, म्हणजे मांड्या आवळल्या जात नाहीत. दुखलं तर 'थांबा' म्हण. थांबतात. लहान स्पेक्युलम मागता येतं, पुढे काय करणार ते आधी सांगत चला म्हणता येतं, बाई सोबत उभी ठेवा म्हणता येतं. हे मागणं म्हणजे नखरे नाहीत.

आदल्या दिवसापासून संबंध नको, आत ठेवायची गोळी किंवा क्रीम नको, आतून धुणं नको. तासभर आधी दुखण्याची गोळी घेऊ का, ते मॅडमना फोनवर विचारून ठेव. तुकडा काढला तर रक्त थांबवायला औषध लावतात, म्हणून पुढचे काही दिवस काळपट-तपकिरी कण पडतात. ते बघून दचकू नकोस. पॅडच वापर. खूप लाल रक्त जाऊ लागलं, ताप आला किंवा घाण वास येऊ लागला तर लगेच दवाखाना. आणि तारखेच्या आधीच संबंधानंतर रक्त दिसलं, किंवा पाळी नसताना रक्त जाऊ लागलं, तर तारखेची वाट बघत बसू नकोस, फोन करून सांग.

मानेवाड्याची काकू
बाई, तू येवढी काहून घाबरून राहिली? मले बी असंच सांगतलं होतं. मी डागा दवाखान्यात गेली होती, संगं माही जाऊ होती. बाहीर बाकड्यावर बसल्या बसल्या आमी दोघी बोलून राहिलो होतो, बाजूची बाई बी बोलाले लागली, तिले बी तेच. येकटी जाशील तं जीव खालीवर होते. कोणाले तरी घेऊन जाय. अन् सासूले सांग वं. सासू बी बाईच हाये.

रातराणी
आता निवांत लिहिते. सासूबाईंना सांगायचं की नाही ते बकुळच ठरवेल, प्रत्येक घर निराळं. पण काकूंच्या म्हणण्यातली एक गोष्ट मलाही पटते. एक तरी माणूस असा हवा ज्याच्यापुढे 'ठीक आहे' म्हणावं लागत नाही. माझ्या बाबतीत ती माझी ऑफिसातली मैत्रीण होती. आम्ही संध्याकाळी फुटाळ्याच्या काठाने चालायचो, ती काही समजूत घालायची नाही, 'आज किती धडधडलं?' एवढंच विचारायची.

रात्रीचं सांगते. माझ्या समुपदेशक बाईंनी सांगितलं होतं की काळजीला वेळ ठरवून द्यायची. मी संध्याकाळी चहा झाल्यावर वही घेऊन गच्चीवर बसायचे आणि मनात येईल ते सगळं लिहायचे, अगदी 'मी गेले तर मुलाचा डबा कोण करेल' इथपर्यंत. घड्याळात अर्धा तास झाला की वही बंद. रात्री विचार आला की त्याला सांगायचं, उद्या संध्याकाळी. सुरुवातीला ऐकलं नाही मनाने. मग हळूहळू ऐकू लागलं.

लिहितालिहिता आणखी एक झालं. माझ्या वहीत दोन तऱ्हेची वाक्यं निघाली. काहींचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. काहींचं उत्तर डॉक्टरांकडे होतं: रिपोर्ट किती दिवसांत येईल, कोण फोन करेल, बदल निघाला तर पुढे काय, पिशवी काढायची वेळ येते का. ही दुसरी वाक्यं वेगळ्या कागदावर उतरवली आणि तपासणीला जाताना पर्समध्ये ठेवली. टेबलावरून उठल्यावर डोकं रिकामं होतं, तो कागद नसता तर काहीच विचारलं नसतं.

आणि पहाटे अगदीच असह्य झालं तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी एकदा लावला होता. पलीकडच्या मुलीने घाई केली नाही.

कोराडीकर
मी पुरुष आहे, पण हा धागा वाचून राहवलं नाही. दोन वर्षांपूर्वी बायकोची हीच तपासणी झाली. बकुळताई, तुमचा नवरा 'होईल सगळं ठीक' म्हणून कूस बदलतो, त्याचा अर्थ त्याला फरक पडत नाही असा घेऊ नका. मीही तेच म्हणायचो, कारण मला दुसरं काही म्हणताच येत नव्हतं. आपल्याकडे मुलांना हे कुणी शिकवतच नाही.

त्याला काम सांगा. बायकोने मला सांगितलं, 'त्या दिवशी सुट्टी टाक, गाडी तू चालव, सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये लाव, आणि रिपोर्टचा फोन तू घे.' काम मिळालं तसा मी मोकळा झालो, बोलूही लागलो. एचपीव्हीचा विषय आमच्यातही अडकला होता. डॉक्टरांनी दोघांसमोर समजावलं तेव्हा सुटला.

गुळवेल
माझ्या आत्याने त्रिफळ्याच्या काढ्याने आतून धुवायला सुरुवात केली होती, तिचा पुढचा रिपोर्ट नॉर्मल आला. करून बघायला हरकत नाही.

निवृत्त सिस्टर
हरकत आहे. आतून काहीही धुऊ नका, काढा नको, डेटॉल तर मुळीच नको. तपासणीआधी असं केलं तर पेशी नीट दिसत नाहीत आणि जळजळ होते ती वेगळीच. आत्याचा रिपोर्ट नॉर्मल आला त्याचा आनंद आहे. पण हे बदल बऱ्याच जणींत आपोआप जातात, त्याचं श्रेय काढ्याला देता येणार नाही.

बार्शीकडची
माझं माहेर बार्शीकडचं, सासर नागपूर. आमच्या भागात १९९९ पासून या आजारावर फार मोठा अभ्यास झाला, तो इथे सांगावासा वाटतो. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा हॉस्पिटल त्यात सामील होतं. एका गटाची आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट केली. नंतरच्या आठेक वर्षांत त्या गटातले गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने, जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली ते प्रसिद्ध झालं.

माझी काकू त्यातल्याच एका गावची. गावात गाडी यायची, बायका पदर तोंडावर घेऊन रांगेत बसायच्या. त्यांना धीर द्यायला इंटरनेट नव्हतं, धागा नव्हता. बकुळ, तू वेळेत तपासून घेतलंस. संसर्ग झाल्यापासून कॅन्सर व्हायला सहसा पंधरा-वीस वर्षं लागतात, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना त्याहून कमी. त्या मानाने मॅडमनी महिन्याची तारीख दिली ती निष्काळजीपणाने नाही.

बकुळफूल
सगळ्यांना काय म्हणू! रातराणी, वही सुरू केली. पहिल्या संध्याकाळी नुसतं रडले, काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून लिहायला लागले. सिस्टर, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचायला दिली. तो बराच वेळ फोन हातात धरून बसला, मग म्हणाला, मी येतो सोबत. कोराडीकर, फाइल त्यालाच करायला दिलीय, त्याने तारखेवार लावलीय.

सासूबाईंनाही सांगितलं. पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणे 'काढून टाक' हेच होतं. मी म्हटलं, अजून काही सापडलेलंच नाही तर काढायचं काय? मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. त्यांची पिशवी काढली तेव्हा कशासाठी काढताहेत हे त्यांना कुणी समजावलंच नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी ते कुणापाशी बोललं नव्हतं.

लॅबवाली
बकुळ, सासूबाईंचं वाचून पोटात कालवलं. कागदावर एक प्रश्न वाढव: 'हे करायची गरज का आहे आणि न करता थांबलं तर काय?' कुठल्याही ऑपरेशनआधी हा प्रश्न विचारायचाच. अशा बदलांसाठी सरसकट पिशवी काढत नाहीत. इलाज लागलाच तर बदललेला भाग तेवढा काढतात किंवा गोठवतात, पिशवी जागेवर राहते.

बकुळफूल
झाली तपासणी. बाहेर वाट बघताना सर्वात जास्त घाबरले होते, आत गेल्यावर त्यापेक्षा कमी. ॲसिड थंड लागलं, अगदी सिस्टर म्हणाल्या तसं. एका जागी पांढरं दिसलं म्हणून तुकडा घेतला. कळ आली, मी मॅडमना 'एक मिनिट' म्हटलं, त्या थांबल्या. अंगठे हलवत होते. घरी आल्यावर सासूबाईंनी वरणभात कालवून हातात दिला.

आता पुन्हा रिपोर्टची वाट. धडधड गेलेली नाही, पण मोबाइल रात्री बैठकीतच असतो.

रातराणी
तुकडा दिल्यानंतरचे दिवस मला आधीच्या दिवसांपेक्षा जड गेले होते, म्हणून तुला आधीच सांगते. वही बंद करू नकोस. रिपोर्टचा फोन नवऱ्याने घ्यायचा हे ठरलंय ना? फोन वाजला की तू शाळेत वर्गात असलीस तर काय, तेही ठरवून ठेवा.

बकुळफूल
रिपोर्ट आला, सीआयएन १, म्हणजे सौम्य बदल. मॅडम म्हणाल्या, आत्ता काही करायचं नाही, वर्षाने पुन्हा टेस्ट. फोन नवऱ्यानेच घेतला, मी शाळेत होते, त्याने मधल्या सुट्टीत सांगितलं, ठरल्याप्रमाणे.

मुलगी नववीत आहे, एचपीव्हीच्या लसीचं विचारलं. पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक २०२३ पासून मिळते. पंधरा वर्षं पूर्ण व्हायच्या आधी सुरू केली तर दोन डोस पुरतात, म्हणून तिच्या वाढदिवसाआधी घेतोय.

निवृत्त सिस्टर
छान. सीआयएन १ बहुतेक जणींत आपोआप बरा होतो, म्हणून नुसती पाळत ठेवतात. पण वर्षाची तारीख विसरू नकोस. बरं वाटतंय म्हणून न आलेल्या बायका मी फार बघितल्यात. कॅलेंडरवर आजच लिही.

नवी पालवी
हा धागा दोन दिवसांत पूर्ण वाचला. माझीही तारीख याच आठवड्यात आहे, मेडिकल कॉलेजच्या सरकारी दवाखान्यात. पण पाळी नेमकी त्याच सुमारास येईल असं वाटतंय. मग तारीख पुढे ढकलली जाईल का? पुन्हा महिनाभर वाट बघायची ताकद नाही माझ्यात.

निवृत्त सिस्टर
रक्त जास्त जात असेल तर नीट दिसत नाही, म्हणून पुढची तारीख देतात. नुसते डाग असतील तर बरेचदा करतात. आदल्या दिवशी ओपीडीत जाऊन किंवा फोन करून विचार, आणि तारीख बदलणार असेल तर 'पाळी संपल्यावर लगेचची द्या' असं स्पष्ट म्हण. बाहेर पडण्याआधी नवी तारीख केसपेपरवर लिहून घे.

बकुळफूल
पालवी, सोबत कोण येतंय? कुणी नसेल तर मला मेसेज कर. शनिवारी माझी शाळा सकाळची असते, बाकीच्या दिवशी चारनंतर येऊ शकते.